22,780 मतांचं पुढे काय झालं

टॉयलेट पेपरवर पक्ष चालवलाय या माणसाने, आणि हे मी अलंकारिक वगैरे म्हणत नाहीये. 1950 साली क्वामे एन्क्रुमा, पुढे घानाचा पहिला राष्ट्रपती, अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात होता, समुद्राला लागून इंग्रजांचा जुना किल्ला, रात्री कोठडीत दिवा नाही, पण बाहेर रस्त्यावरच्या दिव्याचा एक पट्टा भिंतीवर पडायचा, तेवढ्या उजेडात पेन्सिलीच्या तुकड्याने तो टॉयलेट पेपरवर सूचना लिहायचा, ते कागद चोरून बाहेर जायचे आणि बाहेर कार्यकर्ते त्याबरहुकूम कामाला लागायचे. फेब्रुवारी 1951 मध्ये गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, निवडणूक झाली. एका वर्षापेक्षा मोठी शिक्षा असेल तर उभं राहता येणार नाही असा नियम होता, याला एकेक वर्षाच्या तीन शिक्षा झाल्या होत्या, ती फट त्याने बरोबर हेरली आणि आतूनच अर्ज भरला. अक्रा सेंट्रलमध्ये 23,122 पैकी 22,780 मतं. गव्हर्नर आर्डन-क्लार्कपुढे दुसरा इलाजच उरला नाही, 12 फेब्रुवारीला त्याने सोडून दिलं.

दारात माणसांचा समुद्र. त्यांनी त्याला मैदानात नेलं, मेंढी कापली आणि तुरुंगाचा विटाळ जावा म्हणून त्या रक्तात त्याने सात वेळा अनवाणी पाऊल ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नरच्या वाड्यावर बोलावणं. आर्डन-क्लार्कने नंतर त्या भेटीबद्दल सांगितलंय की आम्ही दोघं पहिल्यांदा समोरासमोर आलेल्या कुत्र्यांसारखे एकमेकांना हुंगत होतो, चावायचं की शेपूट हलवायची ते ठरत नव्हतं. शेवटी शेपूट हलवायची ठरली, आणि पुढची सहा वर्षं या दोघांनी मिळून एक वसाहत बऱ्यापैकी शांतपणे स्वातंत्र्यापर्यंत आणून सोडली.

आणि याच माणसाविरुद्ध बरोबर पंधरा वर्षांनी, 24 फेब्रुवारी 1966 ला, लष्कराने उठाव केला तेव्हा त्याच अक्रातले लोक रस्त्यावर उतरले ते नाचायला. मला या सगळ्या इतिहासात खरं तर हा एकच प्रश्न छळतो. उठाव का झाला याची उत्तरं पुष्कळ आहेत, सीआयए आहे, कोकोचे भाव आहेत, लष्कराची नाराजी आहे, सगळी थोडीथोडी खरी आहेत. पण ती 22,780 माणसं त्या गुरुवारी सकाळी कुठे होती?

मी काही वर्षं टेमाला नोकरीला होते, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. टेमा अक्रापासून पाऊण तासावर, ट्रॅफिक नसेल तर, आणि ट्रॅफिक असतोच. जायच्या आधी घाना म्हणजे माझ्यासाठी फुटबॉल, चॉकलेट आणि कोफी अन्नान. एन्क्रुमा शाळेत भेटला होता, अलिप्ततावादी चळवळीच्या धड्यात, नेहरू, नासर, टिटो, सुकार्नो आणि एन्क्रुमा, पाच नावं लिहा म्हटलं की पाचवं हमखास विसरायचं. तिथे गेल्यावर कळलं की मी राहते ते शहरच त्याने वसवलंय, बंदर त्याच्या काळातलं, 1962 चं, घरात वीज येते ती त्याने बांधलेल्या धरणाची (येते तेव्हा), आणि टॅक्सीत बसून 'सर्कल' म्हटलं की ड्रायव्हर जिथे नेतो ते क्वामे एन्क्रुमा सर्कल. त्याच्यापासून सुटकाच नाही.

आमच्या ऑफिसात एक सीनियर बाई होत्या, सगळे त्यांना आंटी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. उठाव झाला तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या. त्यांची आई माकोला मार्केटमध्ये कापड विकायची. माकोला म्हणजे अक्राचा मोठा बाजार, आणि तिथे राज्य बायकांचं, ठोक व्यापार, उधारी, वसुली सगळं त्यांच्या हातात. आंटींची त्या दिवसाची आठवण अशी की पहाटे लांबून गोळीबाराचे आवाज, मग रेडिओवर कुणीतरी साहेबी इंग्रजीत बोलतंय, आई म्हणाली आज शाळा नाही, आणि दुपारनंतर आईच बाजारातल्या बायकांबरोबर तोंडाला पांढरी पावडर फासून (तिकडे विजयाची खूण ती) नाचत निघून गेली. आंटी हसून म्हणाल्या, "आणि हीच बाई आम्हाला आयुष्यभर सांगायची की ती मेंढी कापली तेव्हा मी मैदानात होते."

म्हणजे माणसं तीच होती. बदललं ते काय?

सुरुवात 1948 पासून करायला लागते. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे हजारो सैनिक इंग्रजांनी हिंदुस्तानमार्गे ब्रह्मदेशात नेले, आराकानच्या जंगलात ते जपान्यांशी लढले, आणि वाटेत त्यांनी गोरा साहेब घाबरलेलाही बघितला आणि 'चले जाव' म्हणणारा देशही बघितला. घरी आल्यावर पेन्शनचा पत्ता नाही, नोकऱ्या नाहीत, महागाई मात्र दुप्पट. 28 फेब्रुवारी 1948 ला हे माजी सैनिक गव्हर्नरला अर्ज द्यायला निघाले, क्रिश्चियनबोर्ग किल्ल्याच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं आणि इम्रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. तीन ठार, सार्जंट अडजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे. मग शहर पेटलं, युरोपियन दुकानं जळाली. सरकारने सहा पुढाऱ्यांना उचललं, त्यांना अजून 'बिग सिक्स' म्हणतात. त्यात एन्क्रुमा होता, आणि त्याला आदल्याच वर्षी आपल्या पक्षाचा सेक्रेटरी म्हणून लंडनहून बोलावून आणणारे जे. बी. डांक्वा पण होते. हे डांक्वा लक्षात ठेवा. वकील, विद्वान, मोठ्या घराण्यातले, देशाला 'घाना' हे नाव द्यावं हा आग्रह त्यांचा.

डांक्वांच्या वकीलमंडळींना स्वराज्य हवं होतं 'शक्य तितक्या लवकर'. एन्क्रुमाने 12 जून 1949 ला वेगळा पक्ष काढला, सीपीपी, आणि घोषणा दिली, स्वराज्य आत्ता. बाजारातल्या बायका, सातवी पास पोरं, लॉरी ड्रायव्हर, रेल्वे कामगार, सगळे या 'आत्ता'च्या मागे आले. आंटींच्या आईसारख्या बायकांनी गल्ल्यातले पैसे काढून पक्षाला दिले. 8 जानेवारी 1950 ला 'पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन' पुकारली, संप, बहिष्कार, असहकार, आणि त्याने स्वतः लिहिलंय की ही पद्धत गांधींची. (गांधींचं तिथलं प्रकरण पुढे वेगळंच झालं, 2016 ला प्रणव मुखर्जींनी लेगोनच्या विद्यापीठात गांधींचा पुतळा बसवला आणि 2018 ला तो हलवावा लागला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते प्राध्यापकांनी आणि पोरांनी वाचलं होतं. आपल्या लोकांना फार वाईट वाटलं. मला नाही वाटलं, वाचून विरोध केला ना, मग ठीक आहे.) त्या आंदोलनात जे जे आत गेले ते बाहेर येऊन टोपीवर 'पीजी' लिहून मिरवायचे, म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री ओल्ड पोलो ग्राउंडवर युनियन जॅक उतरला आणि घानाचा झेंडा चढला तेव्हा एन्क्रुमाच्या डोक्यावर हीच टोपी होती, अंगात उत्तरेकडच्या विणकरांचा जाडाभरडा अंगरखा आणि डोळ्यात पाणी. गर्दीत अमेरिकेहून आलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग उभा होता, त्याचेही डोळे भरून आले. आफ्रिका पूर्ण मुक्त झाल्याशिवाय आपल्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, हे वाक्य त्या रात्रीचं.

इथपर्यंत गोष्ट सगळ्यांनाच आवडते. पुढची गोष्ट सांगताना तिथली माणसं दोन गटांत वाटली जातात आणि आवाज चढतात.

पैशापासून बघू, कारण मला ते जास्त कळतं. घानाची सगळी कमाई कोकोवर. शेतकऱ्याने कोको सरकारी मार्केटिंग बोर्डालाच विकायचा, बोर्ड ठरलेला भाव देणार, जगाच्या बाजारात जास्ती मिळाले तर फरक बोर्डाकडे शिल्लक. 1954 साली भाव बांधला 60 रत्तलाच्या बोजाला 72 शिलिंग. टनात असे सदतीस-साडेसदतीस बोजे बसतात, म्हणजे शेतकऱ्याला टनाला साधारण 134 पौंड. त्याच वर्षी लंडनच्या बाजारात भाव साडेचारशे पौंडांच्या वर होता. मी हा हिशेब ऑफिसात कागदावर मांडला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कुमासीचा कलीग म्हणाला, आता कळलं ना आमचे आजोबा का चिडले. अशांती हा कोकोचा मुलूख, कुमासी त्याची राजधानी, तिथे त्याच वर्षी एनएलएम नावाचा विरोधी पक्ष उभा राहिला, दंगली झाल्या, घरांवर बॉम्ब पडले.

बरं, तो पैसा एन्क्रुमाने खिशात घातला असं कुणी म्हणालं तर तेही खोटं. शाळा निघाल्या, प्राथमिक शिक्षण फुकट झालं, रस्ते, दवाखाने, कुमासीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, टेमा. आंटी स्वतः त्या फुकटच्या शाळेत शिकल्या, त्यांची आई सही करताना अंगठा उठवायची. त्यामुळे आंटी एन्क्रुमाबद्दल बोलताना एका वाक्यात शिव्या आणि पुढच्या वाक्यात आशीर्वाद देतात आणि दोन्ही मनापासून. पण सगळं गणित एका पिकावर, आणि पीक कुणा दुसऱ्याच्या बाजारात. 1965 च्या मध्याला कोको टनाला शंभर पौंडांच्याही खाली आला. स्वातंत्र्याच्या वेळची वीसेक कोटी पौंडांची गंगाजळी तोवर आटली होती. दुकानात साखर नाही, दुधाचे डबे नाहीत, इंपोर्ट लायसन्स हवं तर कुणाचे तरी हात ओले करा. आणि अशा वेळी ऑक्टोबर 1965 मध्ये आफ्रिकन राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेसाठी अक्रात टोलेजंग इमारत उभी राहिली, 'जॉब 600', पाहुण्यांसाठी साठ आलिशान सूट. माकोलातली बाई दुधाच्या डब्यासाठी रांगेत उभी राहून ती इमारत वर चढताना बघतेय, हे चित्र डोळ्यापुढे आणा.

तरी माझं मत असं आहे की केवळ दुधाच्या डब्यांनी एवढं होत नाही. टंचाई आपल्याही देशाने बघितलीय. टंचाईत माणूस बोंब मारतो, मोर्चा काढतो, पुढच्या वेळी दुसऱ्याला मत देतो. एन्क्रुमाने हे सगळे रस्ते एकेक करून बंद केले, आणि ते फार लवकर सुरू केलं, स्वातंत्र्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

1958 चा प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन अ‍ॅक्ट, खटला न चालवता पाच वर्षं आत. 'पीजी'ची टोपी मिरवणाऱ्या माणसाने हा कायदा केला! मग 1961. जुलैच्या बजेटमध्ये पगारातून सक्तीची बचत कापायचं ठरलं, सप्टेंबरमध्ये सेकोंडी-ताकोराडीचे रेल्वे आणि बंदर कामगार संपावर गेले. अकरा वर्षांपूर्वीच्या पॉझिटिव्ह अ‍ॅक्शनचा कणा होते हेच कामगार. सरकारने संप बेकायदा ठरवला, पुढाऱ्यांना आत टाकलं, आणि सोबत विरोधी पुढाऱ्यांनाही उचललं, त्यात डांक्वा. मला विचाराल तर राज्य खरं तिथेच गेलं, 1966 ला फक्त त्याचा निकाल लागला.

न्यायाने सांगायचं तर त्याच्या जिवावर लोक उठले होते हेही खरं. 1 ऑगस्ट 1962 ला कुलुंगुगुला ग्रेनेड फुटला, पाठीत तुकडे घुसले. 2 जानेवारी 1964 ला खुद्द फ्लॅगस्टाफ हाउसच्या आवारात, जिथे तो काम करायचा, पहाऱ्यावरच्या पोलीस कॉन्स्टेबलने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, अंगरक्षक सलिफू डगार्ती मेला, आणि एन्क्रुमाने त्या कॉन्स्टेबलशी स्वतः झोंबाझोंबी केली, त्यात कॉन्स्टेबल एन्क्रुमाच्या गालाला कडकडून चावला. अशा माणसाला रात्री झोप कशी येणार. पण भीतीपोटी त्याने काय केलं बघा. कुलुंगुगुच्या खटल्यात कोर्टाने त्याच्याच जवळच्या तिघांना निर्दोष सोडलं, म्हणून डिसेंबर 1963 ला सरन्यायाधीश आर्कू कोर्साह यांना घरी पाठवलं. जानेवारी 1964 ला सार्वमत घेऊन देशात एकच पक्ष केला, बाजूने 99.91 टक्के. आणि अशांतीत, त्या चिडलेल्या कोकोवाल्यांच्या मुलखात, विरोधात एकही मत नाही. एकही नाही! निदान चारदोन तरी दाखवायची होती. 1951 ची 22,780 मतं खरी होती हे लोकांना माहीत होतं कारण ती त्यांनीच दिली होती, आणि 1964 चा आकडा खोटा आहे हेही त्यांना तेवढंच माहीत होतं. ज्याला मनापासून मत दिलं त्याने आपल्या नावावर खोटं मत टाकलं, ही चीड टंचाईपेक्षा वेगळी असते.

डांक्वांना 1962 ला सोडलं आणि 1964 ला पुन्हा पकडलं. न्सावामच्या तुरुंगात सहा बाय नऊ फुटांची कोठडी, झोपायला फरशी, वय सत्तरीकडे झुकलेलं. तिथून त्यांनी एन्क्रुमाला अर्ज लिहिला, आपल्याच जुन्या सेक्रेटरीला. उत्तर आलं नाही. 4 फेब्रुवारी 1965 ला ते तिथेच गेले. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जेम्स फोर्टमधला तो दिव्याचा पट्टा आठवला. तुरुंगातून पाठवलेला कागद बाहेर कुणीतरी वाचतंय, यावर एका माणसाचं आख्खं राजकारण उभं राहिलं होतं.

उठावाआधी एक महिना, 22 जानेवारी 1966 ला, त्याने अकोसोंबो धरणाचं उद्घाटन केलं. व्होल्टा नदी अडवून साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा तलाव, पृष्ठभागाने बघितलं तर जगातल्या सर्वात मोठ्या मानवनिर्मित तलावांपैकी. 80,000 धरणग्रस्त, त्यांना 52 नव्या वसाहतींत हलवलं, आणि पुनर्वसनाच्या कहाण्या तिथेही तशाच ज्या आपण कोयनेपासून ऐकत आलोय. पैसे उभे करायला अमेरिकन कैसर कंपनीशी करार, टेमाला त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना, त्याला स्वस्तात वीज. घानाकडे स्वतःचं बॉक्साइट असताना कारखाना बाहेरून आणलेल्या अ‍ॅल्युमिनावर चालायचा, म्हणजे घानाने दिली ती फक्त वीज. नववसाहतवादावर बोलणाऱ्या माणसाला हा करार करताना काय वाटलं असेल? बहुतेक त्याला वाटलं असेल की आधी धरण होऊ दे, बाकीचं नंतर बघू. आणि खरंच, धरण झालं, बाकीचं बघायला तो उरला नाही.

21 फेब्रुवारीला तो हनोईला निघाला, व्हिएतनामची लढाई थांबवायचा प्रस्ताव घेऊन. विमानतळावर निरोपाला मंत्री, अधिकारी सगळे रांगेत. घरात आग लागलीय आणि हा शेजाऱ्याचं भांडण सोडवायला चालला, असं आंटींची आई म्हणायची म्हणे. 23 तारखेला कर्नल इमॅन्युएल कोटोकाच्या हुकमाने उत्तरेतून सहाशेच्या आसपास सैनिक ट्रकमधून दक्षिणेला निघाले, सोबत मेजर अफ्रिफा, सँडहर्स्टला शिकलेला. अक्रात सूत्रं हलवत होता पोलीसप्रमुख हार्ले, आणि हार्लेला त्या जागेवर बसवलं होतं 1964 च्या गोळीबारानंतर खुद्द एन्क्रुमाने. लष्कराची दुखणी वेगळी होती, गणवेश फाटके, बजेटला कात्री, दोन जनरल आदल्या वर्षी घरी बसवलेले, आणि राष्ट्रपतींच्या खास रेजिमेंटचे मात्र लाड, वर ऱ्होडेशियात लढायला पाठवणार अशी कुजबुज. 24 च्या पहाटे मेजर जनरल बारवाह यांना घरी जाऊन गोळी घातली कारण ते सामील व्हायला तयार नव्हते. फ्लॅगस्टाफ हाउसच्या रक्षकांनी झुंज दिली, दुपारपर्यंत तीही संपली. आणि रेडिओवर कोटोका, एन्क्रुमाचं मिथक संपलं. साहेबी इंग्रजीत बोलणारा तो हाच.

एन्क्रुमाला बातमी कळली पेकिंगमध्ये उतरल्यावर, चिनी राजदूताकडून. त्याने परराष्ट्रमंत्री क्वेसन-सॅकीला अदिस अबाबाला पाठवलं, आफ्रिकन देशांपुढे आपली बाजू मांड म्हणून. हा साधासुधा माणूस नव्हे, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष झालेला पहिला काळा आफ्रिकन. तो निघाला अदिसला आणि पोचला अक्राला, नव्या राज्यकर्त्यांना सलाम करायला.

इकडे न्सावामचे दरवाजे उघडले, शेकडो लोक बाहेर आले, नातेवाईक ट्रक भरभरून न्यायला आलेले. संसदेसमोरचा पुतळा पाडला, मुंडकं उडालं. आणि थोड्याच दिवसांत त्याच तुरुंगात एन्क्रुमाचे मंत्री आणि कार्यकर्ते, पुन्हा खटल्याशिवाय, फक्त नाव आता 'प्रोटेक्टिव्ह कस्टडी'.

आता सीआयए. तिकडच्या डाव्या मंडळींना हा विषय काढला की दुसरं काही ऐकूच येत नाही. उघड झालेल्या अमेरिकन कागदपत्रांतून एवढं दिसतं की 1965 पासून वॉशिंग्टनला कटाची चाहूल होती आणि उठावानंतर व्हाइट हाउसमधल्या रॉबर्ट कोमरने अध्यक्ष जॉन्सनला लिहिलेल्या टिपणात हा अनायास पदरात पडलेला लाभ आहे अशा अर्थाचं म्हटलंय. खूश होते यात शंका नाही. पण आंटींच्या आईला पावडर लावून नाचायला जॉन्सनने सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे गुप्तचर यंत्रणा उभी करायला घानाला मदत केली होती ती आपण, 1950 च्या दशकाच्या अखेरीस नेहरूंनी आर. एन. काव यांना तिकडे पाठवलं होतं, तेच काव ज्यांनी पुढे 'रॉ' उभी केली. यंत्रणा होती, कान होते. पण खुद्द पोलीसप्रमुखच कटात असेल तर त्या कानांचा काय उपयोग. (आपला संबंध एवढ्यावर संपत नाही, ज्या फ्लॅगस्टाफ हाउसच्या आवारात ती झुंज झाली तिथे आज ज्युबिली हाउस आहे, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, भारताच्या कर्जातून आणि मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलेलं.)

आसरा दिला गिनीच्या सेकू तुरेने. 1958 ला गिनीने फ्रान्सच्या द गॉलला, फ्रेंच छत्राखाली राहायला, नाही म्हटलं, फ्रेंच रागाने निघून गेले, तेव्हा एन्क्रुमाने घानाच्या तिजोरीतून एक कोटी पौंडांचं कर्ज दिलं होतं. तुरेने ते उपकार फेडले, त्याला थेट सह-राष्ट्राध्यक्षच केलं. बायको फाथिया तीन मुलांना घेऊन उठावाच्याच दिवशी कैरोला गेली होती, नासरने विमान पाठवलं होतं, नवराबायको दोन देशांत राहिले. गिनीची राजधानी कोनाक्रीत समुद्राकाठच्या बंगल्यात तो पाच वर्षांहून जास्त होता, रेडिओवरून घानावासीयांना भाषणं द्यायचा, पुस्तकं लिहायचा, गुलाब लावायचा, आणि लोक उठतील, मला बोलावतील यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास होता. 27 एप्रिल 1972 ला बुखारेस्टच्या हॉस्पिटलमध्ये कॅन्सरने गेला.

त्याला हाकलणाऱ्यांचं तरी भलं झालं का? कोटोका 17 एप्रिल 1967 ला दुसऱ्या एका फसलेल्या उठावात मारला गेला, अक्राच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं. अफ्रिफा देशाचा प्रमुख झाला, 1969 ला निवडणूक घेऊन बाजूला झाला, आणि 26 जून 1979 ला जेरी रॉलिंग्सच्या राजवटीत त्याला गोळ्या घातल्या. मधे 1969 ला निवडून आलेले बुसिया 1972 ला गेले, तेही परदेशात, लंडनला उपचाराला असताना. एकदा रस्ता माहीत झाला की येणारा प्रत्येक जण त्याच रस्त्याने येतो, 1972, 1978, 1979, 1981. शेवटी 1992 ची राज्यघटना आली आणि तेव्हापासून सरकारं मतांनी बदलतात, 2000, 2008, 2016, 2024, चारही वेळा हरणारा पक्ष घरी गेला. आजूबाजूला माली, बुर्किना फासो, नायजर सगळीकडे पुन्हा लष्कर आलंय, घानात नाही.

पोलो ग्राउंडवर आता एन्क्रुमाची समाधी आहे आणि तिथेच मागे तो पाडलेला पुतळा ठेवलाय, धड एका चौथऱ्यावर आणि मुंडकं शेजारी वेगळ्यावर. जोडता आलं असतं, जोडलं नाही. मला ते फार आवडलं. शाळेच्या ट्रिप येतात, पोरं त्या मुंडक्याशेजारी फोटो काढतात.

आणि भांडण अजून चालू आहे. 2009 ला अटा मिल्सच्या सरकारने 21 सप्टेंबर, एन्क्रुमाचा जन्मदिवस, राष्ट्रसंस्थापकाचा दिवस म्हणून सुट्टीचा केला. मग राष्ट्राध्यक्ष म्हणून अकुफो-अडो आले, डांक्वांच्या नात्यातले, वडीलही बिग सिक्सपैकी, ते म्हणाले संस्थापक एकटा नव्हे, अनेक होते, संस्थापकांचा दिवस 4 ऑगस्टला, आणि 21 सप्टेंबर फक्त एन्क्रुमाच्या आठवणीचा. 2025 ला महामा राष्ट्राध्यक्षपदी परत आले आणि संस्थापकाचा दिवस पुन्हा 21 सप्टेंबरला गेला. आंटी रिटायर झाल्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, त्यांना म्हटलं तुमचं काय मत, 4 ऑगस्ट की 21 सप्टेंबर? त्यांनी उत्तर पाठवलं, सुट्टी दोन्ही दिवशी द्या म्हणावं, माझी आई दोन्हीकडे होती. पुढची निवडणूक 2028 ला आहे, तेव्हा टेमाच्या ऑफिसातल्या एचआरवाल्यांनी 2029 ची कॅलेंडरं जरा जपूनच छापायला टाकावीत.